विश्लेषण : लोकशाहीच्या धोक्याची तार वॉशिंग्टनला पोहोचते, पण वाचतो कोण?

एखाद्या देशात निवडणुकीचा निकाल धुडकावला गेला, विरोधकांची धरपकड सुरू झाली किंवा लष्कर रस्त्यावर उतरले, की तेथील अमेरिकी दूतावासातून वॉशिंग्टनला तातडीचा अहवाल जातो. आता तो संगणकावरून जात असला तरी परराष्ट्र खात्याच्या भाषेत त्याला आजही ‘केबल’, म्हणजे तार, असेच म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये मात्र अमेरिकी मुत्सद्द्यांनी अशा दोन तारा थेट अमेरिकेतील लोकशाहीबद्दलच लिहिल्या. ६ जानेवारीला जमावाने कॅपिटॉलवर हल्ला केला होता. त्याला चिथावणी दिल्याबद्दल अध्यक्षांना जाहीरपणे जबाबदार धरा, अशी मागणी परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांनी आपल्याच मंत्र्याकडे लेखी केली.

त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकी परराष्ट्र सेवेची घडी बरीच बदलली आहे. २०२५ मध्ये शेकडो अधिकाऱ्यांना घरी पाठवण्यात आले, ‘निष्ठा’ हा बढतीचा निकष झाला आणि अनेक अनुभवी राजदूतांना मुदतीपूर्वी परत बोलावण्यात आले. सरकारच्या धोरणाशी असहमत असलेल्या अधिकाऱ्याने ते सांगायचे कुठे, सांगितल्यावर काय होते आणि न सांगितल्यास कोणाचे नुकसान होते, हे प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आले आहेत.

‘डिसेंट चॅनल’ म्हणजे काय?

अमेरिकी परराष्ट्र खात्यात १९७१ पासून ‘डिसेंट चॅनल’ नावाची व्यवस्था आहे. परराष्ट्र धोरणाच्या एखाद्या मुद्द्यावर तीव्र मतभेद असलेला अधिकारी या मार्गाने आपले मत थेट वरिष्ठतम पातळीपर्यंत पोहोचवू शकतो. एरवी दूतावासातून जाणाऱ्या प्रत्येक अहवालावर राजदूताची मोहोर लागते. राजदूताला न पटलेले मत त्याच्याच टेबलावर अडकून राहण्याची शक्यता असते. ही नवी वाट त्या टेबलाला वळसा घालून जाते.

नियम स्पष्ट आहेत. आलेल्या निवेदनाची पोच दोन कामकाजी दिवसांत द्यावी आणि सविस्तर उत्तर ३० ते ६० कामकाजी दिवसांत द्यावे, अशी अपेक्षा असते. उत्तर देण्याची जबाबदारी मंत्र्यांच्या धोरण नियोजन कक्षाची. निवेदन लिहिणाऱ्यावर सूड उगवता येत नाही. मात्र ते गोपनीय राहावे, वर्तमानपत्रात जाऊ नये, अशीही अपेक्षा असते. वैयक्तिक गाऱ्हाणी, बदल्या, गैरव्यवहाराच्या तक्रारी यांना तेथे जागा नाही. ती वाट केवळ धोरणविषयक मतभेदांसाठी आहे.

अमेरिकी परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संघटना ‘अमेरिकन फॉरिन सर्व्हिस असोसिएशन’ अशा रचनात्मक असहमतीसाठी दरवर्षी पुरस्कारही देते. सरकारी नोकरीत राहून सरकारचे चुकते आहे असे लेखी सांगणाऱ्याला गौरवणारी ही परंपरा जगात दुर्मीळच म्हणावी लागेल.

ही सोय करण्याची वेळ का आली?

याचे तात्कालिक कारण व्हिएतनाम युद्ध. १९७० मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कंबोडियात फौजा घुसवल्या, तेव्हा परराष्ट्र खात्यातील सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्यांत परराष्ट्र सेवेतील सुमारे ५० अधिकारी होते. निक्सन खवळले. या सर्वांना काढून टाका, असे त्यांनी खात्यातील वरिष्ठांना फोन करून सांगितले. तो हुकूम अमलात आला नाही. पण असंतोष बाहेर फुटण्यापेक्षा त्याला आतच वाट करून द्यावी, असा विचार परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांच्या काळात पक्का झाला.

दुसरे कारण त्याहून जुने. १९४० च्या दशकात चीनमध्ये असलेल्या जॉन सर्व्हिस, जॉन पॅटन डेव्हिस यांसारख्या अधिकाऱ्यांनी चँग कै-शेक यांची राजवट आतून पोखरली आहे आणि कम्युनिस्टांचे पारडे जड होत आहे, असे कळवले होते. घडले तसेच. पण मायदेशात सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांची मोहीम सुरू झाली आणि चीन ‘गमावल्या’चे खापर हे कळवणाऱ्यांवरच फोडण्यात आले. सर्व्हिस यांना १९५१ मध्ये बडतर्फ केले गेले, डेव्हिस यांना १९५४ मध्ये. सर्व्हिस यांना न्याय मिळाला, पण त्यासाठी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

याची किंमत त्या दोन अधिकाऱ्यांपुरती राहिली नाही. आशियाची जाण असलेली एक पिढीच परराष्ट्र खात्यातून बाजूला पडली आणि उरलेल्यांनी धडा घेतला की वरिष्ठांना ऐकायला आवडेल तेच लिहावे. व्हिएतनाममध्ये अमेरिका दलदलीत रुतत गेली, तेव्हा त्या भागाची खरी माहिती असणारे आवाज का कमी पडले याचे एक उत्तर अनेक अभ्यासक येथेच शोधतात.

ढाक्याच्या तारेने काय साधले?

असहमतीच्या तारांमध्ये सर्वांत गाजलेली तार भारताच्या शेजारातून गेली. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात सार्वत्रिक निवडणूक झाली. पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. संपूर्ण पाकिस्तानच्या संसदेत त्यांचे बहुमत झाले. लष्करशहा याह्या खान यांनी सत्ता सोपवली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यातील विद्यापीठावर, पोलीस ठाण्यांवर आणि वस्त्यांवर तुटून पडले.

ढाक्यातील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी ही कत्तल डोळ्यांनी पाहत होते. त्यांनी रोज अहवाल पाठवले. वॉशिंग्टनकडून चकार शब्द निघेना. अखेर ६ एप्रिल १९७१ रोजी २० अमेरिकी अधिकाऱ्यांच्या नावांनिशी एक तार गेली. लोकशाही चिरडली जात असताना आपल्या सरकारने निषेध केला नाही, अत्याचारांचा धिक्कार केला नाही, स्वतःच्या नागरिकांच्या रक्षणासाठीही ठोस पावले उचलली नाहीत आणि हे नैतिक दिवाळखोरीचे लक्षण आहे, असा तिचा आशय होता. कार्यालयप्रमुख या नात्याने स्वतः सही करणे योग्य नाही, पण हे मत आपल्याला मान्य आहे, अशी पुस्ती ब्लड यांनी जोडली. वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आशिया हाताळणाऱ्या आणखी नऊ अधिकाऱ्यांनी तिला पाठिंबा दिला. दिल्लीतील अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांनीही याच सुमारास कत्तलीबद्दल तीव्र धक्का व्यक्त केला होता.

निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांचे लक्ष दुसरीकडे होते. चीनशी संधान बांधण्याचा गुप्त मार्ग याह्या खान यांच्यामार्फत जात होता. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानात आजारी पडल्याचे सोंग करून तेथूनच बीजिंगला गेले. या काळात याह्यांवर दबाव आणू नका, असा निक्सन यांचा स्वहस्ते लिहिलेला आदेश उपलब्ध आहे. ढाक्याच्या तारेने धोरण तसूभरही हलले नाही. ब्लड यांना परत बोलावून कर्मचारी विभागात बसवण्यात आले. त्याच वर्षी त्यांच्या संघटनेने त्यांना असहमतीचा पुरस्कार दिला.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, डिसेंबरमध्ये युद्ध झाले, अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली आणि बांगलादेश जन्माला आला. ज्या राजवटीला पाठीशी घातले ती ढाक्यात टिकली नाही. भारतीयांच्या मनात अमेरिकेविषयी जी अढी बसली ती पुढची कित्येक वर्षे निघाली नाही. ढाक्यातील वीस जणांनी हे सारे भाकीत केले होते असे नाही. पण चाललेल्या वाटेवर अमेरिकेचे हित नाही, एवढे त्यांनी वेळेत सांगितले होते.

तारा कधी कामाला आल्या का?

आल्या. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवट होती आणि हजारो माणसे ‘बेपत्ता’ झाली. १९७७ ते १९७९ दरम्यान ब्युनॉस आयर्सच्या दूतावासात असलेले टेक्स हॅरिस यांनी बेपत्तांच्या नातेवाइकांसाठी आपल्या कचेरीचे दार उघडे ठेवले. प्रत्येक तक्रार कार्डावर नोंदवली. अशा हजारो नोंदी जमल्या. दूतावासातील वरिष्ठांना हे अडचणीचे वाटत होते. पण अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मानवी हक्कांना धोरणात जागा दिली होती आणि वॉशिंग्टनमध्ये त्या विभागाच्या प्रमुख पॅट्रिशिया डेरियन या नोंदींची वाट पाहत होत्या. तार लिहिणारा आणि ती वाचू इच्छिणारा असे दोघेही जागेवर असले, तर काय घडते याचा हा दाखला. यातली बरीच कागदपत्रे पुढे खुली झाली आणि त्यांतून त्या काळाचा हिशेब मांडायला मदत झाली.

चिलीचे उदाहरण याहून बोलके आहे. याच देशात १९७० च्या दशकाच्या आरंभी निर्वाचित अध्यक्ष साल्वादोर अलेंदे यांच्या विरोधात अमेरिकेने छुप्या कारवाया केल्या होत्या. १९७३ मध्ये लष्करी बंड होऊन जनरल पिनोशे सत्तेवर आले. १९८५ मध्ये हॅरी बार्न्स तेथे राजदूत म्हणून गेले. त्याआधी चार वर्षे ते दिल्लीत राजदूत होते. सँटियागोत त्यांनी विरोधी पक्ष आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांशी उघडपणे संपर्क ठेवला. पिनोशेंना आणखी आठ वर्षे द्यायची का, यावर ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत होते. मतदान उधळून लावण्याचा बेत शिजत असल्याची खबर दूतावासाने काही दिवस आधी कळवली. वॉशिंग्टनने चिलीच्या सरकारला खडसावले. मतदान पार पडले, निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि पिनोशेंना पायउतार होण्याची वाट धरावी लागली. विजय अर्थातच चिलीच्या मतदारांचा आणि त्यांच्या पक्षांचा होता. दूतावासाने खबर वेळेत दिली आणि वरिष्ठांनी ती गांभीर्याने घेतली, एवढाच अमेरिकेचा वाटा.

बोस्नियातही एप्रिल १९९३ मध्ये परराष्ट्र खात्यातील बारा अधिकाऱ्यांनी नरसंहार रोखण्यासाठी बळाचा वापर करा, असे मंत्र्यांना लिहिले. काहींनी राजीनामे दिले. धोरण लगेच बदलले नाही. पण दोन वर्षांनी अमेरिका ज्या मार्गाने डेटन करारापर्यंत गेली, तो त्यांच्या म्हणण्याच्या जवळचाच होता.

मुत्सद्दी नेहमी लोकशाहीच्याच बाजूने असतात?

तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९५४ मध्ये ग्वाटेमालातील निर्वाचित अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांना सत्तेवरून खाली खेचण्यात सीआयएचा हात होता आणि अमेरिकी राजदूत जॉन प्युरिफॉय त्यात जातीने सहभागी होते. शीतयुद्धाच्या काळात अनेक दूतावासांनी हुकूमशहांची भलामण करणारे अहवाल पाठवले. असहमती म्हणजे शांततेचा आग्रह असेही नाही. जून २०१६ मध्ये ५१ अधिकाऱ्यांनी सीरियाच्या असाद राजवटीवर लष्करी हल्ले करा, असे डिसेंट चॅनलमधून सुचवले. अध्यक्ष बराक ओबामा यांनी ते मानले नाही आणि तो सल्ला शहाणपणाचा होता का, यावर आजही दुमत आहे.

म्हणून या व्यवस्थेचे मूल्य ‘अधिकारी बरोबर, नेते चूक’ या समीकरणात नाही. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर दुसरी बाजू कागदावर हजर असावी, यात ते आहे. ती वाचून नेत्याने बाजूला ठेवली तर तो त्याचा अधिकार. पण मला कोणी सांगितलेच नव्हते, असे नंतर म्हणण्याची सोय राहत नाही.

मग गोपनीयता कशासाठी?

१९७४ मध्ये सायप्रसमधील बंडाआधी धोक्याचा इशारा देणाऱ्या टॉमस बोयाट यांचे टिपण अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने पुढच्या वर्षी मागितले, तेव्हा परराष्ट्रमंत्री झालेल्या किसिंजर यांनी ते देण्यास नकार दिला. कनिष्ठ अधिकाऱ्यांचे सल्ले राजकारणाच्या चव्हाट्यावर आले तर पुढे कोणी खरे लिहिणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

जवळपास अर्ध्या शतकाने हेच पुन्हा घडले. १३ जुलै २०२१ रोजी काबूलच्या दूतावासातील २३ अधिकाऱ्यांनी अमेरिकी फौजा गेल्यावर अफगाण सरकार वेगाने कोसळेल, आपल्यासोबत काम केलेल्या अफगाणांना बाहेर काढण्याची तयारी लगेच करा, असे कळवले. १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले. २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीने ती तार मागितली. परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांनी आधी नकार दिला. बेअदबीच्या कारवाईचा इशारा मिळाल्यावर सह्या झाकून ती सदस्यांना दाखवण्यात आली. येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. जनतेला जाब विचारण्याचा हक्क हवा आणि लिहिणाऱ्याला संरक्षणही हवे. लोकशाहीत हा ताण सुटत नाही, तो सांभाळावा लागतो.

धोक्याची घंटा घरात कधी वाजू लागली?

मॉस्कोतील दूतावासातून जॉर्ज केनन यांनी २२ फेब्रुवारी १९४६ रोजी पाठवलेली ‘लाँग टेलिग्राम’ ही अमेरिकी राजनयातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध तार. सोव्हिएत संघाला आवर घालण्याच्या धोरणाचा पाया तिने घातला, हे नेहमी सांगितले जाते. तिचा शेवट मात्र कमी लोकांच्या लक्षात असतो. सोव्हिएत साम्यवादाशी झुंजताना आपणच त्याच्यासारखे होऊ, हा सर्वांत मोठा धोका आहे, असे केनन यांनी बजावले होते. बाहेर लोकशाहीची बाजू घेण्याची ताकद घरातली लोकशाही किती निरोगी आहे यावर अवलंबून असते, हा त्याचा मथितार्थ.

२०१७ च्या जानेवारीत सात मुस्लीमबहुल देशांतील नागरिकांवर प्रवेशबंदी आली, तेव्हा सुमारे एक हजार अधिकाऱ्यांनी डिसेंट चॅनलच्या निवेदनावर सह्या केल्या. धोरणाशी जुळवून घ्या, नाहीतर चालते व्हा, अशा आशयाचे उत्तर व्हाइट हाऊसच्या प्रवक्त्यांनी दिले. २०१९ मध्ये युक्रेनमधील राजदूत मारी योव्हानोविच यांना मुदतीआधी परत बोलावण्यात आले. युक्रेनची लष्करी मदत रोखून त्या देशाकडून राजकीय प्रतिस्पर्ध्याची चौकशी करवून घेण्याचा प्रयत्न झाला, या आरोपावरून अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालला. तेव्हा योव्हानोविच, विल्यम टेलर, जॉर्ज केंट असे सेवेतील अधिकारी प्रतिनिधिगृहासमोर साक्षीला उभे राहिले. परराष्ट्र खाते आतून पोकळ होत आहे, असे योव्हानोविच यांनी तेथे सांगितले. सिनेटने ट्रम्प यांना दोषमुक्त केले.

जानेवारी २०२१ च्या दोन तारा या मालिकेतल्या पुढच्या. कायद्यापुढे अध्यक्षही मोठा नाही हे जगाला दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर इतर देशांना लोकशाहीबद्दल काही सांगण्याचे आपले बळच जाईल, असे त्यांत म्हटले होते. अध्यक्षांना पदावरून दूर करण्याची तरतूद असलेल्या २५ व्या घटनादुरुस्तीचा कायदेशीर विचार होत असेल तर त्याला पाठिंबा द्या, असेही मंत्री माइक पॉम्पिओ यांना सुचवले होते. पॉम्पिओ यांनी हिंसाचाराचा निषेध केला, पण अध्यक्षांच्या जबाबदारीबद्दल ते बोलले नाहीत.

२०२५ मध्ये नेमके काय बदलले?

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी परराष्ट्र व्यवहारात ‘एकच आवाज’ असावा, असा कार्यकारी आदेश काढला. अध्यक्षांचे धोरण निष्ठेने न राबवणाऱ्यावर बडतर्फीपर्यंत कारवाई होऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. मार्चमध्ये परराष्ट्र सेवेतील कर्मचाऱ्यांचे सामूहिक वाटाघाटींचे अधिकार काढून घेण्यात आले. बढतीच्या नव्या निकषांत ‘निष्ठा’ हा मुद्दा आला. परदेशी मदत देणारी, १९६१ पासूनची ‘यूएसएड’ ही संस्था १ जुलैपासून बंद होऊन तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. ११ जुलैला खात्यातील १,३०० हून अधिक जणांना नोकरीवरून कमी करण्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यांत २४६ परराष्ट्र सेवेतील अधिकारी होते. वर्षाच्या अखेरीस सुमारे तीस राजदूतांना परत बोलावण्यात आले. ते राजकीय नेमणुकीवरचे नव्हते, सेवेतून वर आलेले होते आणि त्यांतले सर्वाधिक आफ्रिकेतील देशांत होते.

लोकशाहीविषयीच्या भूमिकेतही फरक पडला. परदेशातील निवडणुका मुक्त आणि न्याय्य झाल्या की नाही, यावर अमेरिकेच्या हिताचे ठोस कारण असल्याखेरीज भाष्य करू नका, अशी सूचना जुलै २०२५ मध्ये सर्व दूतावासांना गेली. ऑगस्टमध्ये आलेला वार्षिक मानवी हक्क अहवाल आधीच्या वर्षांपेक्षा बराच आटोपशीर होता. एल साल्वादोरबद्दल आधीच्या अहवालांत कठोर टीका होती. नव्या अहवालात गंभीर उल्लंघनांच्या विश्वासार्ह बातम्या नसल्याचे म्हटले गेले. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेवर मात्र टीका झाली.

युक्रेनमधील राजदूत ब्रिजेट ब्रिंक यांनी एप्रिल २०२५ मध्ये पद सोडले. आक्रमक रशियाऐवजी आक्रमण झालेल्या युक्रेनवर दबाव टाकला जात आहे, हे आपल्याला पटत नाही, असे त्यांनी नंतर जाहीरपणे लिहिले. आतल्या वाटेने काही बदलत नाही असे वाटले की राजीनामा हाच मार्ग उरतो. २००३ मध्ये इराक युद्धाआधी जॉन ब्रेडी किस्लिंग, जॉन ब्राऊन आणि अ‍ॅन राइट या तिघांनी तोच धरला होता, तर एप्रिल २०२४ मध्ये गाझा धोरणावरून हाला ऱ्हारित यांनी.

सरकारची बाजू काय?

ती सहज झटकून टाकण्यासारखी नाही. अध्यक्षाला मतदारांनी निवडून दिलेले असते, राजदूताला नाही. धोरण ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचा आणि ते राबवण्याचे काम नोकरशाहीचे, हेही लोकशाहीचेच तत्त्व आहे. परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांच्या मते, मानवी हक्क आणि लोकशाही विभागाचा वापर डाव्या विचारांच्या मंडळींनी परदेशातील उजव्या सरकारांविरुद्ध केला. मे २०२५ मध्ये रियाधमध्ये बोलताना ट्रम्प यांनी दुसऱ्यांनी कसे जगावे याचे धडे देणाऱ्या पाश्चात्त्य हस्तक्षेपवाद्यांवर टीका केली. इराक आणि अफगाणिस्तानात लोकशाही ‘उभारण्या’चे अमेरिकी प्रयोग कसे संपले हे पाहता, या टीकेला आशिया-आफ्रिकेत श्रोते मिळाले तर नवल नाही.

अडचण अशी की उपदेश थांबलेला नाही, त्याची दिशा बदलली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी म्युनिकमध्ये युरोपीय देशांना लोकशाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर सुनावले. त्याच वर्षी ब्राझीलवर ५० टक्के आयातशुल्क लादताना माजी अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांच्यावरील खटल्याचे कारणही दिले गेले. म्हणजे परक्या देशाच्या अंतर्गत बाबींत बोलायचे की नाही हा प्रश्न नसून, कोणाबद्दल आणि कोणाच्या माहितीवर बोलायचे हा आहे. अधिकाऱ्याने धोरण प्रामाणिकपणे राबवावे आणि ते चुकते आहे हेही लेखी कळवावे, या दोन गोष्टी १९७१ पासून एकत्र नांदत आल्या. ‘निष्ठा’ बढतीच्या तराजूत टाकल्यावर दुसरी गोष्ट करायला किती जण धजावतील, ही खरी शंका आहे.

भारताने याकडे कसे पाहावे?

अमेरिकेच्या मानवी हक्क अहवालांना भारताने वेळोवेळी एकतर्फी ठरवले आहे. त्यामुळे वॉशिंग्टनचा उपदेश कमी झाला तर दिल्लीत त्याचे दुःख होण्याचे कारण नाही. पण उपदेश वेगळा आणि माहिती वेगळी. ढाका, काठमांडू, कोलंबो, इस्लामाबाद येथे काय शिजते आहे, हे महासत्तेला नीट कळत आहे की नाही, याचा परिणाम भारतावर थेट होतो. १९७१ मध्ये अमेरिकी मुत्सद्द्यांना जे दिसत होते आणि भारताला जे दिसत होते, त्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो व्हाइट हाऊसने काय पाहायचे ठरवले त्यात.

आज अमेरिकेचा बराचसा राजनय विशेष दूतांच्या हाती आहे. पश्चिम आशियापासून रशियापर्यंतच्या वाटाघाटी करणारे स्टीव्ह विटकॉफ मूळचे बांधकाम व्यावसायिक. भारतातील राजदूत सर्जिओ गोर यांच्याकडे दक्षिण आणि मध्य आशियाच्या विशेष दूताचीही जबाबदारी आहे. अध्यक्षांच्या विश्वासातला माणूस समोर असणे यजमान देशाला सोयीचे असते, कारण निरोप थेट पोहोचतो. पण अध्यक्षांना न रुचणारी गोष्ट त्यांच्या कानावर घालण्याचे काम विश्वासू माणसापेक्षा वर्षानुवर्षे त्या प्रदेशात वावरलेला, नोकरीची हमी असलेला अधिकारी अधिक मोकळेपणाने करू शकतो. ती हमीच पातळ झाली तर चुकीच्या अंदाजाची किंमत मोजणाऱ्यांत शेजारी देशही असतील.

आर्चर ब्लड २००४ मध्ये वारले. पुढच्या वर्षी ढाक्यातील अमेरिकी केंद्राच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या तारेमुळे त्यांची कारकीर्द आडवाटेला लागली, ती आज अमेरिकी सरकारच्याच प्रकाशित दस्तऐवजांत कोणालाही वाचता येते. परराष्ट्र धोरणाची कागदपत्रे साधारण तीस वर्षांनी प्रकाशित करावीत, असा अमेरिकेत कायदा आहे. निक्सन यांनी तारेकडे दुर्लक्ष केले तरी ती फायलीत राहिली आणि त्यामुळेच नंतरच्या पिढ्यांना हिशेब मागता आला. २०२५ नंतरच्या अमेरिकी दूतावासांतून काय कळवले गेले, हेही असेच कधीतरी उघड होईल. त्या फायलींत असहमतीची पाने किती निघतात, यावरून अमेरिकेच्या स्वतःच्या लोकशाहीची त्या काळातली प्रकृती कळेल.